घरातला फ्रीबीएसडी दुकानात नेला, आता त्याची एएमसी कुणी घ्यायची?

आयर्विन (धागालेखक)

नमस्कार मंडळी. प्रश्न एएमसीचा, म्हणजे पैसे घेऊन वर्षभर देखभाल करण्याच्या कराराचा, आणि तो शेवटी आहे. पण तो कुठून आला ते सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात सहा वर्षं एक जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालू आहे आणि त्यावर फ्रीबीएसडी आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक फुकट सिस्टीम. सुरुवात आजोबांच्या कॅसेटींनी झाली. त्यांना नाट्यसंगीताचा फार नाद. ओळखीच्यांच्या घरच्या बैठका ते टेपवर घ्यायचे. अशा ८० कॅसेटी ट्रंकेत होत्या आणि काहींची फीत चिकटायला लागली होती. एकेक वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. एवढं झाल्यावर भीती वाटली की आता हे हार्ड डिस्कसोबत गेलं तर? कॅसेट निदान कुरकुरत तरी वाजते, डिस्क एका सकाळी गप्प बसते.

शोधत शोधत झेडएफएसपर्यंत आलो, ही डिस्कवर फायली ठेवायची एक पद्धत. दोन डिस्कचा मिरर केला, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा (ब्लॉकचा) चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवतं, महिन्यातून एकदा स्क्रब लावला की सगळं वाचून ताडून बघतं. दुसऱ्या वर्षी स्क्रबमध्ये एका डिस्कवर ३ चुका निघाल्या आणि दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून त्या दुरुस्तही झाल्या. मला कळलंही नसतं अशी गोष्ट त्यानं मला सांगितली, तिथंच माझा जीव जडला.

मग घरचे बाकीचे उद्योग त्याच यंत्रावर आले. एका जेलमध्ये, म्हणजे त्याच यंत्रातल्या वेगळ्या बंद कप्प्यात, फोटो, दुसऱ्यात घरापुरतं डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय), तिसऱ्यात सेन्सरचे निरोप घेणारं मॉस्किटो. गच्चीवरच्या टाकीत एक छोटा सेन्सर आहे, तो पाण्याची पातळी पाठवतो, कारण नळाला पाणी पहाटे येतं आणि मोटर वेळेत बंद केली नाही तर सगळं गच्चीवरून वाहतं. वीज गेली की यूपीएस यूएसबीवरून कळवतो आणि नट नावाचा प्रोग्रॅम यंत्र व्यवस्थित बंद करतो. जेल ही सोय फ्रीबीएसडीत २००० सालापासून आहे. एक जेल बिघडला तर बाकीच्यांना धक्का लागत नाही, घरात प्रयोग करणाऱ्याला यापेक्षा काय पाहिजे?

आता दुकानाचं. मामांचं हळदीचं अडत दुकान आहे, वखारभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा दुकानात पाणी शिरलं. माल जेवढा हलवता आला तेवढा हलवला, कॉम्प्युटर टेबलावर उचलून ठेवला आणि पाणी टेबलाच्याही वर आलं. एप्रिलपासूनचे सगळे व्यवहार मामा, मामी आणि मामेबहिणीनं वाळवलेल्या पावत्यांवरून पुन्हा टायपून काढले. दिवाळीपर्यंत ते काम चाललं होतं.

त्यानंतर मामा पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचे. मग गेल्या वर्षी जवळच्या एका दुकानात सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या, पैसे मागणारा मजकूर स्क्रीनवर आला आणि पेनड्राइव्ह त्याच मशीनला लावलेला असल्यानं तोही गेला. मामा त्या दिवशी संध्याकाळी घरी आले. "तुझ्या घरी ते चालतंय, तसं माझ्याकडं करून दे."

करून दिलं. पाच विंडोज मशीन, त्यावर हिशेबाचं टॅली. टॅलीचा डेटा आता फ्रीबीएसडीवरच्या सांबा शेअरवर (विंडोजला दिसणाऱ्या सामायिक फोल्डरवर) आहे, खाली झेडएफएस मिरर. दर तासाला स्नॅपशॉट होतो, म्हणजे त्या क्षणाची न बदलणारी प्रत. विंडोजच्या बाजूनं व्हायरस शेअरवरच्या फायली खराब करू शकेल, पण स्नॅपशॉटला त्याला हात लावता येत नाही. रात्री टॅली बंद झाल्यावर जो स्नॅपशॉट होतो तो वायरगार्डच्या खासगी जोडणीतून माझ्या घरच्या यंत्रावर येतो, फक्त बदललेला भाग येतो, म्हणून पाच-दहा मिनिटांत काम होतं. मामांना हे समजावताना मी बॅकअप, ऑफसाइट असले शब्द वापरत होतो. त्यांनी मधेच थांबवून सांगितलं, "२००५ ला हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं तेव्हाच आम्ही शिकलो की सगळी हळद एका पेवात ठेवायची नाही."

चार महिने एकही तक्रार नाही. आता शेजारचे चार व्यापारी मागे लागलेत. आणि माझी बदली पुण्याला होण्याची शक्यता आहे. मामांनी मला समोर बसवून विचारलं, "तू नसलास तर फोन कुणाला करायचा? पैसे द्यायला मी तयार आहे. पण पावती देणारा माणूस दाखव."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून इथं विचारतोय. फ्रीबीएसडीला पैसे घेऊन आधार देणारं आपल्या भागात कुणी आहे का? की हे सगळं उचलून रेड हॅट किंवा उबुंटू अशा लिनक्सवर न्यावं, जिथं कंपनी उभी आहे? की मीच एएमसी घ्यावी? घरच्या हौसेपोटी शिकलेल्या गोष्टीचे मामांकडून पैसे घ्यायचे हे मला जड जातंय, पण फुकट केलेल्या कामाची जबाबदारी कुणीच धरत नाही हेही दिसतंय.

बेदाणा

दादा, वाचून बरं वाटलं. आमचं तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, आमच्याकडंही अशीच भीती आहे. एक साधी शंका. सिस्टीम फुकट आहे, मग एएमसीचे पैसे कशाचे?

आयर्विन

बेदाणाभाऊ, शंका अगदी बरोबर आहे. मामांनीही हेच विचारलं होतं. फ्रीबीएसडी १९९३ पासून आहे, बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या घराण्यातलं. त्याचा परवाना जेमतेम पानभर आहे, घ्या, वापरा, बदला, विका, काहीही करा. पण त्याच पानावर हेही लिहिलंय की हे जसं आहे तसं दिलंय, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. तेव्हा जबाबदारी कुणाकडून तरी वेगळी विकत घ्यावी लागते. विहीर सरकारी असली तरी मोटर दुरुस्त करणाऱ्याला पैसे द्यावेच लागतात, तसं.

मिरजजंक्शन

माझं मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. फ्रीबीएसडी मला येत नाही, खरं सांगतो. पण तुमच्या मामांच्या दुकानात जे बिघडणार आहे त्यातलं बरंचसं मला येतं. हळदीच्या वखारीत सगळ्यात आधी पंखा जातो. ती भुकटी पंख्याच्या तेलात बसते आणि घट्ट होते. सहा महिन्यांनी मशीन उघडून साफ केलं नाही तर उन्हाळ्यात बंद पडणारच.

दोन गोष्टी बघून घ्या. डिस्क एसएमआरवाल्या नाहीत ना? स्वस्त म्हणून लोक त्या घेतात. नुसतं साठवायला चालतात, पण मिररमधली एक बदलून दुसरी भरायला लागली की इतक्या मंद होतात की झेडएफएस त्यांना बाहेर काढतं असं वाचलंय, आणि मी नासच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या) डब्यांत हे डोळ्यांनी बघितलंय. सीएमआर असं लिहिलेलीच घ्या. दुसरं, अर्थिंग. जुन्या वखारींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसरी पिन कुठंच गेलेली नसते. आधी वायरमन बोलवा, मग यूपीएस घ्या.

आणि तसंच दुसरं मशीन, तोच बोर्ड, मामांच्या माडीवर गुंडाळून ठेवा. जुन्यात मिळतंय. डिस्क काढून त्यात घातल्या की दुकान चालू. हे काम मी करीन, रात्री अकराला फोन केलात तरी येईन. फक्त डिस्कच्या पुढचं सॉफ्टवेअर तुम्ही बघायचं.

कुपवाड

मी एमआयडीसीत एका फाउंड्रीचं आयटी बघतो. आयर्विनभाऊ, काम उत्तम केलंय, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फ्रीबीएसडी निवडून तुम्ही मामांना स्वतःवर अवलंबून ठेवलंय.

वालचंदला शिकणाऱ्या दहा पोरांना विचारा. उबुंटू दहाही जणांनी हाताळलेलं असेल. फ्रीबीएसडी एखाद्यानं, तेही नशिबानं. झेडएफएस उबुंटूवरही चालतं. उबुंटू प्रो वैयक्तिक वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, धंद्याला पैसे भरून घेता येतं, एलटीएसला (लांब मुदतीच्या आवृत्तीला) दहा वर्षं सुरक्षेचे पॅच मिळतात. तुमच्याकडं फ्रीबीएसडी १३ असेल तर त्याची मुदत ३० एप्रिल २०२६ पर्यंतच. १४ असेल तर नोव्हेंबर २०२८. १५ पासून तर एका मोठ्या आवृत्तीला चारच वर्षं. अडत दुकानाला दर चार वर्षांनी हे कोण करून देणार?

मामांनी विचारलेला प्रश्न माणसाचा आहे. ज्या सिस्टीमला गावात माणूस मिळतो ती सिस्टीम चांगली, असं माझं मत आहे.

आयर्विन

राग कसला, कुपवाडसाहेब. हेच ऐकायला धागा काढला.

मामांकडं १४ आहे. मोठं अपग्रेड घरी दोनदा केलंय आणि मी फ्रीबीएसडीवर का टिकलो त्याचं कारण तिथंच आहे. अपग्रेडच्या आधी बूट एन्व्हायर्नमेंट करून ठेवता येतं, म्हणजे चालू सिस्टीमची एक प्रत बाजूला. अपग्रेड फसलं तर यंत्र पुन्हा चालू करायचं, सुरुवातीच्या यादीतून जुनी प्रत निवडायची, दोन मिनिटांत कालचा दिवस परत. हे मी मामेबहिणीला फोनवरून सांगू शकतो. उबुंटूवर झेडएफएस आहे हे मान्य, पण तिथं मला हे इतकं सरळ करता आलं नाही. शिवाय सगळी माहिती एका हँडबुकात आहे, दहा जणांच्या दहा वेगवेगळ्या सल्ल्यांत नाही.

पण माणसाबद्दल तुम्ही म्हणता ते मला खोडता येत नाही. रात्रभर त्यावर विचार केला.

पर्वती

पुण्यात राहते. १४ वर्षं लिनक्सच्या व्यावसायिक आधाराच्या कामात आहे, आधी फोन घेणाऱ्या बाजूला होते, आता मोठ्या ग्राहकांच्या. माहेर सांगलीचं, म्हणून धागा सोडवेना. लांब लिहिते.

आधार विकत घेताना माणूस नक्की काय विकत घेतो हे आधी बघू. रेड हॅटचं सबस्क्रिप्शन घेतलं तर जुन्या आवृत्तीवर नव्या चुकांचे पॅच मागे आणून दिले जातात, वर्षानुवर्षं, मधे काहीही न बदलता. बँकेला, दवाखान्याला हे लागतं, कारण त्यांचं सॉफ्टवेअर ठरावीक आवृत्तीवरच तपासलेलं असतं. शिवाय ठरलेल्या वेळात फोन उचलला जातो. याला मोल आहे, मी ते काम केलंय आणि मनापासून केलंय. पण आमच्या फोनवरच्या माणसानं कधीही वखारीत येऊन केबल तपासली नाही. तुमच्या मामांच्या दुकानातले बहुतेक फोन हे केबलचे, विसरलेल्या पासवर्डचे आणि "काल ही फाईल होती, आज कुठं गेली" असे असतील. कुठलीही कंपनी घेतली तरी त्यासाठी सांगलीतलाच माणूस लागणार.

कंपनी मागं आहे म्हणजे सगळं स्थिर, असंही धरून चालू नका. रेड हॅटच्याच फुकट सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं लोक धरून होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो २०२१ अखेर थांबणार. फ्रीनास हे साठवणीच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर २००५ मध्ये फ्रीबीएसडीवर सुरू झालं, पुढं त्याचं ट्रूनास झालं, आणि आता ते चालवणाऱ्या कंपनीचा भर लिनक्सवर आहे. कंपनीला तसं ठरवायचा अधिकार आहेच. म्हणून विकत घेताना बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवायची.

फ्रीबीएसडीचं सांगायचं तर, प्रकल्प स्वतः आधार विकत नाही. फ्रीबीएसडी फाउंडेशन २००० सालापासून आहे, ती ना-नफा संस्था आहे. देणग्यांतून विकासाचं, चाचण्यांचं काम करवून घेते, तुमच्या मामांचा फोन ती उचलणार नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्या कंपन्या आणि सल्लागारांची यादी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आहे, क्लारासारख्या कंपन्या त्यात नावाजलेल्या आहेत. पण त्यांचे ग्राहक वेगळ्या आकाराचे. नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालवतं आणि २०२१ मध्ये त्यांच्या अभियंत्यांनी एका सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट काढून दाखवले. असे लोक कर्नलमधल्या (सिस्टीमच्या गाभ्यातल्या) एखाद्या अडचणीसाठी तज्ज्ञ बसवतात. पाच टॅलीच्या दुकानाला त्याची गरज पडत नाही.

तरीही सिस्टीमच्या आतल्या धोक्यांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. मार्च २०२४ आठवा. एक्सझेड नावाच्या साध्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचनं (दुरून) सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यावरून ते उघड झालं. फ्रीबीएसडीच्या सुरक्षा विभागानं लगेच कळवलं की आमच्या कुठल्याही रिलीजला धोका नाही. आता सांगा, मामांना त्या दिवशी हे कोण सांगणार होतं? बातमी वाचून, आपल्या यंत्रावर काय आहे ते बघून, "मामा, आपल्याला काही झालेलं नाही, झोपा" असं सांगणारा माणूस. एएमसीचे पैसे याचे असतात. वर्षातून असा फोन एकदाच करावा लागतो, पण त्यासाठी रोज जागं राहावं लागतं.

आता कुपवाडदादांच्या मुद्द्याला माझ्याकडं एक उत्तर आहे. २०२० च्या अखेरीस ओपनझेडएफएस २.० (झेडएफएसची खुली आवृत्ती) आलं तेव्हापासून लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोघांचं झेडएफएस एकाच कोडवर आहे. फ्रीबीएसडी १४.० मध्ये २.२ आहे, उबुंटू २४.०४ मध्येही २.२. म्हणजे मामांच्या डिस्क काढून उबुंटूवर लावल्या तर पूल, म्हणजे त्या डिस्क मिळून झालेला झेडएफएसचा साठा, उघडायला हवा. एक पथ्य पाळा, पूल अपग्रेड करण्याची आज्ञा उगीच देऊ नका, दोन्हीकडं चालणारे गुणधर्मच चालू ठेवा. हे घरी करून बघा. चाललं तर तुमच्या गैरहजेरीत उबुंटू येणारं कुणीही मामांचा डेटा बाहेर काढू शकेल आणि दुकान चालू करू शकेल. मग सिस्टीम कुठली हा प्रश्न बराच हलका होतो.

कुपवाड

पर्वतीताई, हे मला माहीत नव्हतं. पूल उबुंटूवर उघडत असेल तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा कागदाचा आहे. लिहून ठेवलंय का सगळं?

खतावणी

मी सीए आहे, सांगलीतच प्रॅक्टिस. तांत्रिक बाजू मला फारशी कळत नाही, कागदाची कळते.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणजे आजची नोंद पावणेसात ते पावणेआठ वर्षं उघडता आली पाहिजे. बहुतेक व्यापारी चालू वर्षाचा बॅकअप घेतात आणि जुनी वर्षं जुन्या मशीनवर सोडून देतात. मामांची २०१९ च्या आधीची वर्षं काय झाली हे मी विचारत नाही, पण इथून पुढं जुनी वर्षंही त्याच मिररवर आणा.

शेजारच्या चार व्यापाऱ्यांत कुणी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर त्यांना वेगळा नियम आहे. कंपन्यांनी हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, असा बदल २०२२ मध्ये झाला. तुमच्या विश्रामबागच्या घरातलं यंत्र भारतात आहेच, पण रोजचा बॅकअप झाला याची नोंद दाखवता आली पाहिजे.

आणि आयर्विन, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाच व्यापाऱ्यांचे हिशेब तुमच्या घरी येणार. एकाच पेठेतले, एकमेकांच्या समोर सौद्यात बसणारे. कुणी काय भावानं घेतलं हे तुम्हाला दिसू शकतं. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून आज कुणी बोलणार नाही. पण करारात हे यायलाच हवं आणि शक्य असेल तर तुम्हाला दिसूच नये अशी सोय करा.

पैसे घ्या. मामा असले तरी घ्या, पावती द्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, साधं बिल चालतं. मामांना तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो. आणि करारात काय येत नाही तेही लिहा. टॅलीतली चुकीची नोंद, प्रिंटर, मोबाइल, घरचा वायफाय. हे लिहिलं नाही तर पहिल्या महिन्यात तुम्ही प्रिंटरवाले व्हाल.

आयर्विन

खतावणीताई, दिसूच नये ही सोय आहे आणि मी ती केली नव्हती. तुमचं वाचल्यावर फार चुकल्यासारखं झालं. झेडएफएसमध्ये डेटासेट (पूलमधला एक कप्पा) कुलूपबंद ठेवता येतो आणि पाठवताना न उघडता, आहे तसाच पाठवता येतो. किल्ली दुकानात राहते, माझ्या घरी फक्त न वाचता येणारे ब्लॉक येतात. स्क्रब तरीही चालतो, कारण चेकसम तपासायला किल्ली लागत नाही. मामांचा डेटा आधीच साध्या डेटासेटमध्ये होता, तो रविवारी नव्या कुलूपबंद डेटासेटमध्ये हलवला आणि माझ्या घरची जुनी प्रत पुसून टाकली. मामांना हे सांगायला गेलो तर म्हणाले, "बरं केलंस. मी तुला कधी विचारलं नसतं."

वखारभाग

मी त्या चार व्यापाऱ्यांतला एक. भाच्यानं हा धागा दाखवला, लिहायला तोच मदत करतोय.

आम्हाला सिस्टीमचं नाव माहीत नाही आणि नको. मला तीन प्रश्नांची उत्तरं द्या. पूर आला तर हिशेब कुठं असेल. व्हायरस आला तर किती वेळाचं काम बुडेल. आणि तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल. पहिल्या दोन्हींची उत्तरं मामांच्या दुकानात मला दिसली. तिसरं मिळालं की मी पैसे भरतो. चौघं मिळून भरलं तर एकाला जड नाही. तोलाईचा माणूस आम्ही सगळे मिळून ठेवतो, तसाच हा ठेवू.

मिरजजंक्शन

तिसऱ्या प्रश्नाला माझं नाव लिहा. पण मला वही पाहिजे. फोनवर ऐकून मी कुणाच्या हिशेबाला हात लावणार नाही.

बेदाणा

आमच्या तासगावात इंटरनेट केबलवाल्याचं आहे. वायरगार्ड जोडायला बाहेरून पत्ता लागतो ना? आम्हाला स्वतःचा आयपी मिळत नाही.

पर्वती

मिळत नसेल तरी अडत नाही. दुकानाच्या बाजूनं बाहेर जोडणी करता येते, फक्त एका टोकाला कायमचा पत्ता हवा. घरी आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) मिळत असेल तर ते बघा. नाहीतर एक छोटा भाड्याचा सर्व्हर मधे ठेवायचा, तो फक्त निरोप्या. डेटा कुलूपबंदच जातो, त्यामुळे मधल्या सर्व्हरला काही दिसत नाही.

आयर्विन

तीन आठवडे झाले, आता सांगण्यासारखं आहे.

आधी पूल. घरी एक जुनी डिस्क घेऊन त्यावर मामांच्या डेटाची कुलूपबंद प्रत घेतली. दुसऱ्या मशीनला ती लावली, पेनड्राइव्हवरून उबुंटू २४.०४ चालू केलं, झेडएफएसचं पॅकेज घातलं आणि पूल आयात केला. उघडला. किल्ली दिली, टॅलीचं फोल्डर जसंच्या तसं समोर. पर्वतीताई, तुम्ही लिहिलं होतं तरी छातीत धडधडत होतं.

मग वही. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची, मामांच्या खतावण्या येतात त्याच दुकानातली. मराठीत लिहिली. पहिल्या पानावर फोन. पुढं रोज काय बघायचं, हिरवा दिवा कुठला, रात्रीचा बॅकअप झाल्याचा मेसेज आला नाही तर काय करायचं. कालची फाईल विंडोजमधूनच जुन्या आवृत्तीतून कशी काढायची. डिस्क गेली तर कुठली काढायची, दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत आणि डिस्कवर तोच आकडा चिकटवलेला. शेवटी सगळंच गेलं तर काय. किल्लीचा शब्द बंद पाकिटात, एक पाकीट तिजोरीत, एक मामांच्या बँकेच्या लॉकरमध्ये. उबुंटूचा पेनड्राइव्ह वहीच्या मागच्या कप्प्यात.

आणि रविवारी तालीम केली. मी मुद्दाम हरिपूरला संगमावर जाऊन बसलो, फोन बंद. दुकानात मामेबहीण, मिरजजंक्शन आणि वही. ठरलं असं की दुकानातलं यंत्र पुरात गेलं असं समजायचं. माडीवरचं दुसरं मशीन काढायचं, माझ्या घरून आणलेली प्रत लावायची आणि एका विंडोजवर टॅली उघडून कालची शेवटची पावती दाखवायची. मामेबहीण बी.कॉम. आहे, तिनं कमांड लाइन आयुष्यात बघितली नव्हती.

१ तास ५० मिनिटं लागली. त्यातली ४० मिनिटं एकाच जागी गेली. वहीत मी 'पूल आयात करा' एवढंच लिहिलं होतं. पण तो पूल माझ्या घरच्या यंत्रानं शेवटचा वापरला होता, त्यामुळे आयात करताना नकार येतो आणि 'मीच घेतोय' असं ठासून सांगावं लागतं. मी हे शंभर वेळा केलंय, हाताला सवय आहे, म्हणून लिहायचंच सुचलं नाही. मिरजजंक्शनदादांनी स्क्रीनवरचा संदेश शब्द शब्द वाचला, त्यातच उपाय लिहिला होता. मामेबहिणीनं तो वहीत समासात लाल शाईनं लिहिला आणि खाली तारीख घातली.

संध्याकाळी दुकानात पोचलो तर वखारभागकाका तिथंच बसले होते. शेवटची पावती त्यांच्याच मालाची निघाली, आकडा बरोबर होता. त्यांनी तिथंच हो म्हटलं.

करार झाला. खतावणीताईंनी मसुदा तपासला. सॉफ्टवेअर माझ्याकडं, यंत्र आणि जागेवरचं काम मिरजजंक्शनदादांकडं. माझी बदली झाली तरी जोडणी पुण्यातून करता येते, आणि माझ्या घरचं यंत्र आईवडील इथंच असल्यामुळे इथंच राहील. आम्हा दोघांना जमलं नाही तर पर्वतीताई तासाच्या हिशेबानं बघतील, हे त्यांनी स्वतःहून सुचवलं. कुपवाडसाहेब वालचंदच्या दोन मुलांना पुढच्या तालमीला आणणार आहेत, त्यांच्या हातात वही देऊन मी बाजूला बसणार. पाचही दुकानांच्या मान्यतेनं एएमसीतला दहावा हिस्सा दरवर्षी फ्रीबीएसडी फाउंडेशनला देणगी जाणार आहे. ही अट मी घातली, आणि मामांनी सगळ्यात आधी सही केली.

कुपवाड

ती मुलं येतात. त्यांना सांगून ठेवलंय की उबुंटू येतं म्हणून वही वाचायची टाळायची नाही.

खतावणी

तालमीची तारीख करारात घाला, दर सहा महिन्यांनी. तोंडी ठेवलं तर हळदीचा सीझन आला की राहून जाईल.

आयर्विन

घातली, ताई. पुढची मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत. यंत्रही मामांनी माडीवर नेलं, भिंतीवर २०१९ च्या पाण्याची जी रेघ आहे तिच्या चार फूट वर.